पहिला वॉकी-टॉकी: साताऱ्यातल्या वर्षभराच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

डिसेंबरातल्या वासोट्याच्या ट्रेकनंतर हे मनावर घेतलं. चौदा मुलं आणि मोठी माणसं आम्ही चौघं. उतरताना मागच्या टोळीतल्या एका मुलीचा पाय मुरगळला. दादा तिच्याजवळ थांबला, मी पुढच्या नऊ मुलांना घेऊन मेट इंदवलीला पाण्याकाठी आले. अंधाराच्या आत बामणोली गाठायची म्हणून बोटवाल्याची घाई चालली होती. तिथं मोबाईलला रेंजची एक काडीही नसते. एक तास चाळीस मिनिटं मी झाडीच्या तोंडाकडे बघत उभी होते. मागे कुणाला पाठवावं तर मुलांपाशी कोण राहणार? शेवटी सगळी आली, पोरगी दादाच्या पाठीवर बसून आली. पण "अजून अर्धा तास लागेल, ठीक आहोत" एवढं एक वाक्य ऐकू आलं असतं तर जीव असा टांगणीला लागला नसता.

तर वॉकी-टॉकी घ्यायचे. मला यातलं काही कळत नाही, मी औषधांच्या दुकानात बसते. जसं कळेल तसं इथं लिहीत जाईन. चुका, पैसे आणि गेलेला वेळ, सगळं लिहीन. दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर निदान त्याच खड्ड्यात पाय पडू नये.

१८ जानेवारी

ऑनलाइन एक जोडी मागवली, ३,४९९ रुपये. खोक्यावर "५ किलोमीटर" आणि "लायसन्स लागत नाही" असं ठळक छापलेलं. संध्याकाळी एक सेट घेऊन भाचा राजवाड्यापाशी उभा राहिला, दुसरा घेऊन मी पोवई नाक्याकडे चालत निघाले. मोती चौक ओलांडला आणि आवाज तुटायला लागला. चारेकशे मीटर झाले असतील नसतील, मग नुसती खरखर.

घरी येऊन कागद नीट वाचला. आत बारीक अक्षरात फ्रिक्वेन्सीचा तक्ता होता, पहिलाच चॅनल ४६२.५६२५ मेगाहर्ट्झ. नेटवर शोधलं तर हा अमेरिकेतला घरगुती वापराचा बँड निघाला. लायसन्स लागत नाही, पण तिथं. आपल्याकडे तो मोकळा नाही. म्हणजे राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत आम्ही जे बोललो ते बेकायदा होतं. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण लपवून उपयोग नाही. खोक्यावरच्या ठळक अक्षरांवर विश्वास ठेवला, हीच चूक बहुतेक जण करतील.

२६ जानेवारी

जोडी परत केली. परतीचं कुरिअर माझ्या गळ्यात पडलं, २१० रुपये. आठ दिवस वाया.

या आठ दिवसांत जे पक्कं कळलं ते लिहून ठेवते. भारतात परवाना नसताना वापरता येतील असे हातातले सेट म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले, अर्धा वॅट ताकदीचे. २०१८ च्या नियमांनी ही सूट दिली. शिवाय त्या मॉडेलला केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाची मान्यता हवी, तिला ईटीए म्हणतात. २७ मेगाहर्ट्झचा सीबी बँडही मोकळा आहे, पाच वॅटपर्यंत. पण त्या लहरीची लांबी अकरा मीटर, हातात धरायच्या अँटेनाला तिथं फारसा दम येत नाही. तो विचार सोडला.

अर्धा वॅट वाचून हिरमोड झाला. मला वाटलं होतं, जास्त वॅट म्हणजे जास्त लांब. ते तसं नसतं हे कळायला पुढचे दोन महिने गेले.

९ फेब्रुवारी

दुकानात नेहमी येणारे एक काका गेली तीस वर्षं हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेनं रेडिओवर बोलणारे, आहेत हे आज कळलं. इतकी वर्षं मी त्यांना बीपीच्या गोळ्या देतेय आणि विषय कधी निघाला नव्हता. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. गच्चीवर काठीला अँटेना, खाली टेबलावर सेट आणि शेजारी एक वही. कोण बोललं, किती वाजता, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, आवाज कसा होता, हे सगळं वहीत.

माझी योजना त्यांना सांगितली: मी हॅमची परीक्षा देणार, पाच वॅटचे चार सेट घेणार आणि ट्रेकच्या चारही मोठ्या माणसांकडे एकेक देणार. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "अगं, परवाना माणसाला मिळतो. तुझ्या पिशवीतल्या चार सेटना नाही मिळत. उरलेल्या तिघांनी बटण दाबलं की ते तिघंही विनापरवाना."

माझी योजना तिथंच संपली. मी महिनाभर कुठला सेट घ्यावा यावर डोकं लढवत होते. दुसऱ्या टोकाला कोण बोलणार आणि त्याच्याकडे परवाना असणार का, हे डोक्यातच आलं नव्हतं. सेट निवडणाऱ्यानं सगळ्यात आधी हे कागदावर लिहून काढावं.

रात्री दादाशी बोलले. ठरलं ते असं: आम्ही दोघांनी परीक्षा द्यायची. बाकीच्यांसाठी ४४६ ची मान्यता असलेली जोडी, मिळेल तेव्हा.

२ मार्च

अर्ज भरला. केंद्राच्या सरल संचार पोर्टलवर भरायचा. दादाचा अर्ज पहिल्यांदा परत आला, कारण फोटो आणि सही मी उलट्या जागी टाकल्या होत्या. त्यात सहा दिवस गेले. परीक्षेची फी माणशी शंभर रुपये.

आम्ही रिस्ट्रिक्टेड ग्रेड देतोय, त्यात मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची भाषा, लागत नाही. पास झाल्यावर कॉलसाईन, म्हणजे रेडिओवर सांगायची आपली सरकारी ओळख, व्हीयू३ नं सुरू होतं. जनरल ग्रेडला मिनिटाला आठ शब्द मोर्स यावं लागतं, त्यांचं व्हीयू२. वयाची अट फक्त बारा पूर्ण. भाच्याला पुढच्या वर्षी बसवता येईल.

१६ मार्च

आज सेटची तुलना. हा दिवस सविस्तर लिहिते, कारण निवड खरी इथं झाली.

काकांकडे दोन हँडी, म्हणजे हातात धरायचे सेट, आहेत. एक अडीच हजारांच्या आसपास मिळणारा चिनी, दुसरा जपानी, याएसूचा एफटी-६५. दोन्हींवर पाच वॅट, दोन्हींवर दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटर (लहरीच्या लांबीवरून पडलेली नावं) हे हॅमचे दोन्ही बँड. कागदावर बघितलं तर जास्तीचे हजारो रुपये का द्यायचे ते कळत नाही. काकांच्या टेबलावरही कळलं नाही, रिपीटर (उंचावरचा सेट, आपला आवाज पकडून पुढे लांब पाठवणारा) दोन्हींवर सारखाच ऐकू येत होता.

मग आम्ही अजिंक्यताऱ्यावर गेलो. कराडकडचे एक हॅम ठरल्या वेळी बोलणार होते. बोलण्याचं काम काकांचं, मी नुसती ऐकणार. दक्षिण दरवाज्याच्या अंगाला उभं राहिलो तर दोन्ही सेटवर आवाज स्वच्छ, अगदी मागं कुणीतरी चहाचे कप ठेवल्याचंसुद्धा ऐकू आलं. मग टीव्हीच्या मनोऱ्याकडे चालत गेलो. मनोरा जवळ आला तसा चिनी सेटवरचा आवाज खोल जायला लागला, आणि शेवटी बंद. सेट चालू, पडद्यावर आकडे तेच, बॅटरी भरलेली, पण कान गेल्यासारखा गप्प. एफटी-६५ वर त्याच जागी त्याच माणसाचं बोलणं थोडं खरखरत का होईना पण पूर्ण कळत होतं. काकांनी दोन्हींना लांब अँटेना लावून पाहिली. चिनी सेटचं आणखी बिघडलं. अँटेना चांगली म्हणजे मनोऱ्याचा मारासुद्धा जास्त आत येतो.

काकांनी कारण एका वाक्यात सांगितलं: शेजारी ढोल वाजत असताना कुजबुज ऐकू यायची तर कानात चाळणी लागते, ती स्वस्त सेटमध्ये पातळ असते. हा त्यांच्याकडच्या एका सेटचा अनुभव, सगळेच तसे असतील असं माझं म्हणणं नाही. पण आपल्याकडच्या शहराजवळच्या डोंगरांवर कसला ना कसला मनोरा असतोच, आणि मी सेट वापरणार तो डोंगरांवर. माझ्यासाठी ही गोष्ट वॅटपेक्षा मोठी ठरली. ज्याला घरून जवळच्या रिपीटरवर बोलायचं आहे त्यानं स्वस्त सेट घ्यावा, माझी काही हरकत नाही.

आणखी एक. चिनी सेटवर काकांनी मला दाखवलं की तो १३६ पासून १७४ पर्यंत कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बटण दाबलं की बोलतो. हॅमला त्यातलं फक्त १४४ ते १४६ मोकळं आहे. बाकी जागेत दुसऱ्यांची कामाची बोलणी चालतात. एक आकडा चुकला तर आपण कुणाच्यातरी महत्त्वाच्या बोलण्यात शिरतो. नव्या माणसाच्या हाती द्यायचा तर सेट आधी बँडपुरता बांधून घ्यावा.

उतरताना एक छोटा प्रयोग केला. सेट डोक्याजवळ धरला तर आवाज भरलेला. कमरेला पट्ट्यात अडकवला तर निम्मी वाक्यं गायब. आपलं शरीर म्हणजे पाण्याची पिशवीच, ती आडवी येते. खर्च शून्य, आणि फरक एवढा की मी चार वेळा खालीवर करून बघितलं.

२० एप्रिल

परीक्षा झाली. साताऱ्याहून रात्रीच्या एसटीनं बोरिवली, गोराई रोडचं मॉनिटरिंग स्टेशन. पर्यायी उत्तरांचे प्रश्न, दोन भाग: एक रेडिओचं तंत्र, दुसरा नियम. प्रत्येक भागात चाळीस टक्के आणि एकूण पन्नास लागतात.

माझा अभ्यास दुकान बंद झाल्यावर, रोज तासभर, सहा आठवडे. लहरीची लांबी काढायला ३०० भागिले मेगाहर्ट्झ, ओहमचा नियम, आणि अल्फा-ब्राव्हो-चार्ली हे कॉलसाईन सांगायचे शब्द. हे शब्द मी गाड्यांच्या नंबरप्लेटी वाचत पाठ केले, एमएच अकराच्या गाड्या म्हणजे माईक-होटेल. दादा इलेक्ट्रिशियन, त्यानं तंत्राचा भाग वाचायची गरजच मानली नाही आणि नियमांचा भाग एसटीत चाळला. मी त्याला तेव्हा टोकलं नाही, याचं आता वाईट वाटतं.

येण्याजाण्याचा खर्च दोघांचा मिळून १,९४० रुपये, दोन दिवस दुकान बंद.

१८ मे

निकाल. मी पास. दादा तंत्रात उत्तम, नियमांत नापास.

तो दोन दिवस बोलला नाही. नंतर स्वतःच १९७८ चे हौशी सेवेचे नियम छापून घेऊन आला. त्याला वाटलं होतं ते नुसतं पाठांतर आहे. खरं तर तेच रोज लागतं: धंद्याचं बोलणं हॅमवर चालत नाही, सांकेतिक भाषा चालत नाही, दर वेळी कॉलसाईन सांगायचं, नोंदवही ठेवायची. काकांनी त्याला २००१ च्या भूजच्या भूकंपाचं सांगितलं. २६ जानेवारीला फोन बंद पडले तेव्हा हॅमच्या सेटवरून निरोप गेले. एका फ्रिक्वेन्सीवर पन्नास माणसं असतात, आणि नियम मोडून बोलणारा एकच असला तरी कुणाचाच निरोप जात नाही. दादानं पुढच्या परीक्षेचा अर्ज भरला.

माझा परवान्याचा अर्ज गेला. वीस वर्षांचे १,००० रुपये भरले. परवाना येईपर्यंत सेट घ्यायचा नाही हे मी स्वतःला बजावलंय, जानेवारीतली गोष्ट पुन्हा नको.

८ जून

मे महिन्याच्या ३० तारखेला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्या, ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकी-टॉकींबद्दलच. विकणाऱ्यानं फ्रिक्वेन्सी आणि ईटीए दाखवायचं, परवाना लागत असेल तर तसं स्पष्ट लिहायचं. जानेवारीत हे असतं तर माझे २१० रुपये वाचले असते. आता कुठलाही सेट बघताना मी आधी हे दोन आकडे शोधते, नसतील तर पान बंद.

वाट बघता बघता अँटेना करायला घेतली. परवाना नसला तरी तारा कापायला कुणी अडवत नाही. ग्राउंड प्लेन, सगळ्यात सोपी: पॅनलवर बसतो तो चौकोनी एसओ-२३९ सॉकेट, मधल्या टोकाला एक उभी तार, चार कोपऱ्यांना चार तारा, त्या खाली पंचेचाळीस अंशांत वाकवलेल्या. तार म्हणून दादाकडची वायरिंगची जाड तांब्याची, प्लास्टिक सोलून. सॉकेट ६० रुपये.

हिशोब केला: ३०० भागिले १४५, त्याचा चौथा भाग, त्यातून पाच टक्के कमी. एकोणपन्नास सेंटिमीटर. कापली. पण सॉकेटमध्ये डाग देण्यासाठी तारेचं टोक आत जातं, आणि वर कुणाच्या डोळ्याला लागू नये म्हणून मी टोक गोल वळवलं. उरली साडेशेहेचाळीस. काकांनी नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना मोजायचं छोटं यंत्र, लावला तर अँटेना १५३ वर वाजत होती, १४५ वर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून ताकद किती परत फिरते याचं माप, एकच्या जितकं जवळ तितकं चांगलं) तीनच्या वर.

कापलेली तार वाढत नाही. दुसरी घेतली, या वेळी बावन्न सेंटिमीटर ठेवली, आणि पाच-पाच मिलिमीटर छाटत दर वेळी मोजलं. सात वेळा छाटलं. एसडब्ल्यूआर १.३ वर आला तेव्हा थांबले. अख्खा रविवार गेला, पण आता ही अँटेना मी डोळे मिटून करीन.

१३ जुलै

पावसानं धडा दिला. अँटेना गच्चीवर पाइपाला बांधून पंधरा दिवस झाले होते. काका सहज मोजायला आले तर एसडब्ल्यूआर चारवर. तार जागच्या जागी, काही मोडलेलं नाही. केबलचा जोड उघडला आणि आतून चमचाभर पाणी सांडलं. केबलची आतली जाळी हिरवी पडलेली. मी त्या जोडावर साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. ती भिजते, सुटते, आणि आत गेलेलं पाणी उलट धरून ठेवते.

हिरवा झालेला वीतभर भाग कापून टाकला, नवा प्लग बसवला. या वेळी ताणून गुंडाळायची रबराची टेप, जी स्वतःलाच चिकटून एकजीव होते. वरून साधी टेप, उन्हापासून जपायला. आणि जोडाच्या खाली केबलला वळसा देऊन तो भाग खाली सोडला, म्हणजे ओघळ वळशावरून खाली पडतो, जोडात शिरत नाही. दादा म्हणाला, मीटरच्या वायरला आम्ही हेच करतो, तुला आधी का नाही सांगितलं मी?

केबलचंही लिहून ठेवते. बारीक आरजी-५८ बारा मीटर टाकली होती, खालच्या खोलीपर्यंत. काकांच्या हिशोबानं एवढ्या लांबीत पाच वॅटमधले तीनसुद्धा वर पोचत नाहीत, आणि येणारा आवाजही तेवढाच गळतो. जाड केबल महाग. मी टेबलच वरच्या खोलीत नेलं, पाच मीटरवर काम भागलं. आणि विजा चमकायला लागल्या की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर ठेवायची, विसरायचं नाही.

२४ ऑगस्ट

गेल्या आठवड्यात परवाना आला. माझं स्वतःचं कॉलसाईन, व्हीयू३ नं सुरू होणारं. छापील कागद हातात घेऊन थोडा वेळ नुसती बसले.

दुसऱ्याच दिवशी एफटी-६५ ची मागणी नोंदवली. विक्रेत्यानं आधी परवान्याची प्रत मागितली, मग पैसे. हीच योग्य पद्धत. परवाना न मागता विकतो त्याच्याकडून घेऊ नये. १२,८०० रुपये, बिलासकट. खिशाला जड आहे हे मान्य, पण ट्रेकच्या बुटांत आणि सॅकमध्ये माझे याहून जास्त गेलेत.

३१ ऑगस्ट

पहिला आठवडा शांततेचा गेला, आणि ती शांतता माझ्याच चुकीची होती. काकांनी रिपीटरची फ्रिक्वेन्सी, ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला ६०० किलोहर्ट्झचा फरक आणि टोन (आवाजासोबत जाणारा बारीक सूर, रिपीटरची किल्ली) लिहून दिला होता. मी सगळं भरलं. मला कुणी ऐकू येईना, कुणाला मी ऐकू जाईना. अँटेना तपासली, केबल बदलली, गच्चीवर जाऊन आले. तीन संध्याकाळी.

शेवटी सेट काकांपुढे ठेवला. त्यांनी दोन मिनिटांत काढलं. टोनच्या जागा दोन असतात: एक आपण पाठवायचा टोन, जो मिळाल्याशिवाय रिपीटर उघडत नाही. दुसरा, समोरून तो टोन आला तरच आपला स्पीकर उघडायचा. मी फक्त दुसरीच जागा भरली होती. रिपीटर स्वतः टोन पाठवत नव्हता, म्हणून माझा सेट गप्प. मी टोन पाठवत नव्हते, म्हणून रिपीटर गप्प. नव्या माणसानं पाठवायचा टोन भरावा आणि ऐकण्याची जागा मोकळी सोडावी, एवढं केलं तरी तीन संध्याकाळी वाचतील.

बटण दाबलं, सोडलं, आणि रिपीटरची ती शेपटी ऐकू आली, आपण पोचल्याची. मग सकाळच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी हॅम रेडिओवर जमतात तिथं, माझं कॉलसाईन सांगितलं. आवाज थरथरत होता. पलीकडून "आपलं स्वागत आहे, सिग्नल उत्तम" आलं.

२१ सप्टेंबर

सेट सॅकमध्ये टाकून यवतेश्वरच्या घाटानं चालत होते. काकांचा फोन: "तुझा सेट दाबला गेलाय. सगळं नेट तुझी पावलं ऐकतंय." बटणांना कुलूप लावलं होतं, पण कुलूप आकड्यांच्या बटणांना लागतं, बोलायच्या बटणाला लागलेलं नव्हतं. पाण्याची बाटली त्यावर टेकली होती. तेवढा वेळ कुणालाच बोलता आलं नाही. सगळ्यांची माफी मागितली. घरी येऊन मेनू उलगडला आणि सलग बोलण्याची मर्यादा एका मिनिटावर आणली. आता सॅकमध्ये ठेवताना सेट बंद, चालू असेल तर खांद्याच्या पट्ट्यावर बाहेर.

१२ ऑक्टोबर

सेटसोबत आलेली आखूड अँटेना आणि तिच्या बुडाला अडकवलेली एकोणपन्नास सेंटिमीटरची लोंबती तार. बस, एवढंच. हॅम तिला वाघाची शेपटी म्हणतात. तारेच्या टोकाला कडं केलं, ते अँटेना फिरवून बसवताना खाली दाबलं. कडं मधल्या पिनला लागता कामा नये, फक्त बाहेरच्या धातूला.

सज्जनगडाच्या वाटेवर, डोंगराच्या आडोशाला, काकांशी थेट बोलून पाहिलं. तार काढली की काका खरखरीत बुडायचे, लावली की वर यायचे. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. भंगारातली तार, आणि फरक एखादा नवा सेट घेतल्यासारखा. तसं गडाच्या माथ्यावर गेल्यावर तार असली काय आणि नसली काय, आवाज भरलेलाच होता. शंभर पावलं वर चढणं हे सगळ्यात स्वस्त यंत्र आहे.

याच महिन्यात एक फुकट गेलेला खर्चही लिहिते. बाहेरची अँटेना हँडीला जोडायला अॅडाप्टर लागतो. तो सेट समोर न ठेवता मागवला, मेलच्या जागी फिमेल आला, २४० रुपये. आणि जाड केबल थेट हँडीच्या छोट्या कनेक्टरला लावू नका, तिच्या वजनानं तो हलायला लागतो. मध्ये वीतभर बारीक केबल ठेवा.

१६ नोव्हेंबर

दादा पास. नियमांच्या भागात माझ्यापेक्षा जास्त गुण. परवाना यायला वेळ लागेल, तोवर तो माझ्या शेजारी बसून ऐकतो आणि वहीत नोंदी लिहितो. माझा सेट त्याच्या हातात देऊन बटण दाबू देत नाही मी, आणि तोही मागत नाही.

ईटीए असलेली ४४६ ची जोडी मिळाली, ४,२०० रुपये. अर्धा वॅट, अँटेना काढता न येणारी. घरातल्या सगळ्यांना पहिल्या दिवशी वापरता आली: चॅनल निवडा, दाबा, एक क्षण थांबा, मग बोला. तो क्षण थांबायचं मुलांकडून वीस वेळा घोकून घेतलं, नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो आणि "थांबू नका" चं "नका" होतं.

चार भिंती स्मारकाच्या बाजूनं अजिंक्यताऱ्याला वळसा घालून तपासलं. समोरासमोर दिसत असू तर दोन किलोमीटरवरही स्वच्छ. डोंगराची सोंड मध्ये आली की तीनशे मीटरवर बंद. म्हणून नियम केला: वळणावर एक मोठा माणूस थांबेल, पुढच्याचं मागच्याला सांगेल.

१४ डिसेंबर

पुन्हा वासोटा. वनखात्याची परवानगी काढताना ४४६ च्या दोन्ही सेटची माहिती आधीच दिली. माझा एफटी-६५ घरीच ठेवला. दादाचा परवाना अजून आलेला नाही, मग त्या जंगलात पलीकडून बोलणार कोण होतं? १२,८०० चा सेट टेबलावर आणि ४,२०० ची जोडी माझ्या आणि दादाच्या खांद्यावर.

दाट झाडीत सातेकशे मीटरच्या पुढे आवाज जात नव्हता. उतरताना मी पाण्याकाठी पोचले, मागे वळले, सेट डोक्यापाशी धरला. खरखर. किनाऱ्यावरच्या एका उंच दगडावर चढले. बटण दाबलं, थांबले, विचारलं. या वेळी दादा नाही, गेल्या वर्षी पाय मुरगळलेली तीच मुलगी बोलली.

"ताई, आम्ही सगळे मारुतीपाशी आलोय. पाच जण. पाणी पिऊन निघतोय."

मी खाली उतरून बोटवाल्याला सांगितलं, अजून वीस मिनिटं थांबा.